ठिपका म्हणजे मासा नव्हे: घरबसल्या व्हेल शार्कचा माग कसा काढावा

तीन वर्षांमागे, डिसेंबरातल्या एका सकाळी, गोव्यात केरीला आमच्या रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) व्हेल शार्क आला. दोर ओढताना जाळं जड लागत होतं तेव्हा सगळे खूश, तारले भरपूर आहेत म्हणून. जाळं कमरेएवढ्या पाण्यात आलं आणि समोर दिसली होडीएवढी पाठ, तिच्यावर पांढरे ठिपके. बाबांनी सुरी मागितली. जाळं फाडून त्याला मोकळं करायला पाऊण तास गेला. तेवढ्या वेळात मी मोबाइलवर अकरा फोटो काढले: तोंडाचे चार, शेपटीचे दोन, बाकीचे वाकलेल्या माणसांच्या पाठींचे. नंतर कळलं की त्यातला एकही कामाचा नव्हता.

फाटलेल्या जाळ्याच्या भरपाईसाठी आम्ही एका कार्यालयाच्या चार खेपा घातल्या. तिथे दर वेळी वेगळा कागद मागत. शेवटी रापणीच्या वाट्यांतूनच नवं जाळं विणलं गेलं. पण तो मासा पुढे कुठे गेला हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी पेडण्यात शाळेत गणित शिकवते, समुद्रशास्त्राशी माझा संबंध घरच्या नुस्त्यापुरता, म्हणजे मासळीपुरता. तरी गेल्या तीन वर्षांत उपग्रहाने टिपलेल्या मार्गांची माहिती उतरवून घेणं, ती साफ करणं आणि नकाशावर मांडणं एवढं मला जमायला लागलं आहे. तुम्हालाही जमेल. जुना लॅपटॉप, इंटरनेट आणि नववी-दहावीचं गणित पुरतं.

आधी एक स्पष्ट सांगते. माशाला स्वतः टॅग, म्हणजे माग काढायचं यंत्र, लावायच्या फंदात पडू नका. २८ मे २००१ पासून व्हेल शार्क आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याला पकडणं, अडवणं, टोचणं हे परवानगी असलेल्या संशोधकांचंच काम. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत तो २०१६ पासून ‘संकटग्रस्त’ आहे. आपल्या हातात दोन गोष्टी राहतात: फोटो, आणि इतरांनी लावलेल्या टॅगची खुली माहिती.

फोटो: डावी कूस

प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरच्या ठिपक्यांची मांडणी वेगळी असते आणि ती जन्मभर टिकते. ओळख पटवण्यासाठी प्रामुख्याने डावी कूस वापरतात, शेवटच्या कल्ल्याच्या फटीपासून छातीच्या पराच्या मागपर्यंतचा पट्टा. आमच्या रापणीत माझ्याकडे त्याची उजवी कूस होती आणि मला वळसा घालून पलीकडे जायचं सुचलं नाही. उजवी असली तरी काढा, फुकट जात नाही, पण डावी मिळाली तर सोनं. कॅमेरा कुशीला काटकोनात धरा. तिरका धरलात तर ठिपक्यांमधली अंतरं दबतात. पाण्यात असाल तर अंगापासून तीन मीटर तरी लांब राहा, शेपटीपासून त्याहून जास्त, आणि हात लावू नका.

हे फोटो ‘शार्कबुक’ नावाच्या जागतिक संग्रहात चढवता येतात. तिथला प्रोग्राम ठिपके जुळवतो कसा, हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात दुसरं काही शिकवलंच नाही. ही पद्धत मुळात खगोलशास्त्रज्ञांची, ताऱ्यांचे फोटो एकमेकांशी जुळवण्यासाठी केलेली. तीन-तीन ठिपके घेऊन त्रिकोण काढायचे आणि दोन फोटोंतले समरूप त्रिकोण शोधायचे. फोटो लहान असो की मोठा, बाजूंचं गुणोत्तर बदलत नाही. दहावीची मुलं विचारतात ना, समरूपतेचा उपयोग काय? त्यांना हे उत्तर द्या.

फोटोसोबत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि अंदाजे लांबी लिहा. लांबी फुटांत सांगायला जाऊ नका, माणूस घाबरला की मासा वाढतो. शेजारच्या होडीच्या मानाने किती ते लिहा आणि होडी घरी येऊन मोजा. आमचा व्हेल शार्क त्या संध्याकाळी दुकानावर दहा मीटर होता. होडी मोजल्यावर तो सहावर आला.

टॅग कोणता ते आधी बघा

मार्गांची माहिती ‘मूव्हबँक’ या संकेतस्थळावर मिळते. काही संच थेट उतरवता येतात, काहींसाठी संशोधकांना लिहावं लागतं. दोन ओळींचं नम्र पत्र लिहिलं, कशासाठी हवं ते सांगितलं, तर बरेच जण देतात. फाइल उघडण्यापूर्वी टॅग कुठल्या जातीचा ते वाचा, कारण चुकाही जातीप्रमाणे वेगळ्या.

पहिली जात उपग्रहाला थेट हाक मारणारी. हा टॅग पराला लावतात किंवा दोरीने मागे तरंगत ठेवतात. अँटेना पाण्याबाहेर आली की तो आर्गोस यंत्रणेच्या उपग्रहांना संदेश पाठवतो. उपग्रह साडेसहाशे ते साडेआठशे किलोमीटर उंचीवरून, दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत फिरतात. टॅग स्वतःची जागा सांगत नाही, नुसता ठरलेल्या वारंवारितेचा आवाज देतो. पेडणे स्टेशनावर न थांबणारी गाडी शिट्टी मारत येते तेव्हा सूर चढा असतो आणि पुढे गेली की उतरतो. इथे उपग्रह म्हणजे गाडीत बसलेला माणूस आणि टॅग म्हणजे फलाटावरची शिट्टी. सूर कोणत्या क्षणी आणि किती झपाट्याने उतरला त्यावरून टॅग किती लांब आहे ते निघतं. पण गाडीतल्या माणसाला नुसत्या सुरावरून शिट्टी रुळाच्या डाव्या अंगाला होती की उजव्या, ते कळत नाही. म्हणून दर वेळी दोन उत्तरं येतात, उपग्रहाच्या वाटेच्या दोन बाजूंना, आरशात पाहिल्यासारखी. यंत्रणा त्यातलं संभवनीय उत्तर निवडते. कधी कधी चुकते.

दुसरी जात ठरलेल्या दिवशी सुटून वर येणारी. हा टॅग महिनोन्‌महिने खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतो, मग त्याची खीळ गंजवली जाते, तो पृष्ठभागावर येतो आणि साठवलेल्याचा सारांश उपग्रहाला पाठवतो. मधल्या काळातली जागा उजेडावरून काढतात. सूर्य माथ्यावर कधी आला त्यावरून रेखांश, दिवस किती मोठा त्यावरून अक्षांश. रेखांशाचं गणित सोपं आहे: एका अंशाला चार मिनिटं. घड्याळाची भारतीय वेळ ८२.५ अंशांवरची, आपण ७३.८ च्या आसपास. फरक ८.७ अंश, म्हणजे जवळजवळ ३५ मिनिटं. म्हणून गोव्यात खरी दुपार सरासरी १२.३५ ला होते, ऋतूप्रमाणे थोडी मागेपुढे.

अक्षांशाचं मात्र जपून घ्या. २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपास पृथ्वीवर सगळीकडे दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, मग दिवसाच्या लांबीवरून तुम्ही केरीला आहात की कराचीला हे कसं कळणार? त्या दोन-तीन आठवड्यांतले अक्षांश मी सरळ बाजूला ठेवते. शिवाय मासा पहाटे खोल गेला तर टॅगला उजाडलेलं उशिरा कळतं. व्हेल शार्क १,९०० मीटरहून खोल गेल्याच्या नोंदी आहेत, तिथे कसला सूर्य.

साफसफाई

फाइलमध्ये हजारभर ओळी असतात: वेळ, रेखांश, अक्षांश, दर्जा. वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. हे मी पहिल्यांदा विसरले आणि मासा रोज मध्यरात्री वर येतो असा शोध लावून बाबांना ऐकवला. ते म्हणाले, रात्री कशाला येईल, जवळा सकाळी वर येतो का ते बघ. दोघांचंही चुकलं होतं, पण माझं जास्त.

दर्जाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, २ म्हणजे ५०० च्या आत, १ म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत, ० म्हणजे त्याहून जास्त. पुढे ‘ए’ आणि ‘बी’, म्हणजे संदेश इतके थोडे मिळाले की चूक किती याचा अंदाजही धड देता येत नाही. ‘झेड’ म्हणजे हिशेब फसला, ती ओळ पुसा. गंमत म्हणजे ‘ए’ कधी कधी ० पेक्षा बरा निघतो, म्हणून नुसती अक्षरं बघून उडवू नका. नव्या फाइलींत प्रत्येक बिंदूभोवती चूक कुठवर असू शकते ते दाखवणारं लंबवर्तुळही दिलेलं असतं. असेल तर तेच वापरा.

मग वेगाची चाळणी. अक्षांशाचा एक अंश १११ किलोमीटर, आपल्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश १०७. समजा पहिला बिंदू १५.६२ अंशांवर, दुसरा चाळीस मिनिटांनी १५.९३ वर. फरक ०.३१, म्हणजे ३४ किलोमीटर. ताशी ५१. व्हेल शार्क बहुतेक वेळ माणूस चालतो त्या गतीने पोहतो, तो कदंब बस नव्हे. दोघांपैकी एक बिंदू खोटा. कुठला, ते त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या बिंदूंशी ताडून ठरवा.

पण चाळणी आंधळेपणाने लावली तर चांगले बिंदूही जातात. दोन बिंदू सहा मिनिटांच्या अंतराने आले, दोन्ही दर्जा १ चे. मासा जागेवर थांबलेला असला तरी चुकीमुळे त्यांच्यात किलोमीटरभराचं अंतर सहज पडतं आणि हिशेबात ताशी दहा किलोमीटरचा वेग येतो. म्हणून वेळ जवळची असेल तर मी वेग काढतच नाही, त्यातला बऱ्या दर्जाचा बिंदू ठेवते.

आता आपल्या किनाऱ्याचं खास दुखणं. हे मला कुणी शिकवलं नाही, नकाशा घेऊन बसल्यावर लक्षात आलं. उपग्रह उत्तर-दक्षिण धावतात, त्यामुळे आर्गोसची चूक बहुधा पूर्व-पश्चिम लांबट असते. आपला किनाराही उत्तर-दक्षिण आहे आणि समुद्राची खोली पूर्व-पश्चिम बदलत जाते. म्हणजे चूक नेमकी जिथे नडते तिथेच जास्त! बिंदू पेडण्याच्या उत्तरेला की दक्षिणेला हे बरंच खरं असतं. मासा किनाऱ्यापासून किती लांब, त्याच्याखाली पाणी किती, हे सगळ्यात कच्चं. त्यामुळे बिंदूखालची खोली वाचून ‘तो इतक्या वावांत चरत होता’ असं लिहू नका. बिंदूच्या दोन्ही बाजूंना चूक धरून खोलीचा पल्ला लिहा.

आणि जमिनीवर पडलेले बिंदू? पहिला मोह ते पुसून टाकायचा. मांद्र्याच्या माडांत मासा कुठून आला? पण विचार करा. चूक पूर्वेकडे झाली तर बिंदू जमिनीवर पडतो आणि आपण पुसतो. तेवढीच चूक पश्चिमेकडे झाली तर बिंदू समुद्रातच राहतो आणि आपण ठेवतो. असं शंभर वेळा केलंत तर नकाशावरचा मासा खऱ्यापेक्षा किनाऱ्यापासून लांब सरकतो. मी जमिनीवरचे बिंदू लाल करून ठेवते आणि लंबवर्तुळाचा कुठला भाग पाण्यात येतो ते पाहते. पाण्यात काहीच येत नसेल तरच पुसते.

रेघ ओढण्यापूर्वी

नकाशासाठी क्यूजीआयएस हा प्रोग्राम वापरा, फुकट आहे. बिंदू चढवले की बोट शिवशिवतं, रेघ जोडावीशी वाटते. थांबा. व्हेल शार्क माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेतो (मासाच तो), देवमाशासारखं त्याला हवेसाठी वर यावं लागत नाही. तो आठ-दहा दिवस वर आलाच नाही तर आठ-दहा दिवस बिंदूही नाही. पनामाच्या कोइबा बेटाजवळ २०११ मध्ये टॅग केलेल्या ‘अ‍ॅन’ नावाच्या मादीचा माग ८४१ दिवस मिळाला, प्रशांत महासागर ओलांडून मारियाना गर्तेपर्यंत, २०,००० किलोमीटरहून जास्त. मध्ये कित्येक महिने तिचा पत्ता नव्हता. ती सरळ गेली नसणार, म्हणून तिचे किलोमीटर ‘कमीत कमी एवढे’ असेच वाचायचे. मी तीन दिवसांपर्यंतचा खंड तुटक रेघेने जोडते, त्याहून मोठा उघडाच ठेवते. नकाशा भिकारी दिसतो, दिसू दे.

यानंतरची तपासणी बहुतेक जण विसरतात: टॅग अजून माशावर आहे का? सुटलेला टॅग तरंगत राहतो, अँटेना कायम वर. त्यामुळे बिंदू एकाएकी भरपूर येऊ लागतात आणि दर्जा सुधारतो. नवख्याला वाटतं, वा, माहिती सुधारली! प्रत्यक्षात मासा गेलेला असतो. खोलीचा रकाना असेल तर तो शून्यावर चिकटलेला दिसेल. नसेल तर दिशा बघा. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे वाहतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडे. जानेवारीत तुमचा मासा कुठेही न वळता गुमान उत्तरेला सरकत असेल तर तो पोहत नाही, वाहतोय. आणि बिंदू जेटीवर येऊन तिथून रस्त्याने निघाले, तर टॅग कुणाच्या तरी होडीतून घरी गेला आहे.

एका रात्री मी बाबांना एक मार्ग दाखवत होते. त्यांनी चष्मा लावला, शेवटच्या वीस बिंदूंवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “हें नुस्तें न्हय गो.” मी विचारलं, कशावरून? नुस्तं असं सरळ कधी जातं का, म्हणाले. खोलीचा रकाना उघडला. सगळी शून्यं. प्रवाहाबद्दल वर जे लिहिलंय ते मला त्यानंतर वाचायला सुचलं.

समुद्र खाली अंथरा

नुसत्या निळ्या कागदावर मार्ग काही सांगत नाही. त्याखाली पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांचे थर घाला. दोन्ही उपग्रहावरून मोजलेले मिळतात. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे मासेमारीचे अंदाज जेटीवर येतात ते याच दोन गोष्टींवर बेतलेले. व्हेल शार्क प्लवक, जवळा, माशांची अंडी गाळून खातो. जिथे खालचं थंड पाणी वर येतं तिथे हरितद्रव्य वाढतं आणि मागून खाणारे येतात.

आपल्याकडे हे पाणी वर येणं नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात होतं आणि नेमके तेव्हाच आभाळ ढगांनी भरलेलं असतं. हरितद्रव्य बघणारा उपग्रह ढगांतून पाहू शकत नाही. जून ते ऑगस्टचे नकाशे पांढऱ्या भोकांनी भरलेले असतात. त्यातून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे समुद्रातूनही फारसं कुणी बघत नाही. त्या महिन्यांत मासा दिसला नाही म्हणून तो नव्हता असं कुठेही लिहू नका. भोक आठ दिवसांच्या सरासरीने थोडं भरतं, तेवढं करा.

दुसरा एक थर मी आता नेहमी घालते, जहाजांचा. व्हेल शार्क बराच वेळ पृष्ठभागाजवळ आणि संथ असतो. २०२२ साली जगभरच्या टॅगचे मार्ग एकत्र करून पाहिले तेव्हा त्यांच्या वावराची ९२ टक्के जागा मोठ्या जहाजांच्या वाटांवर येत असल्याचं दिसलं. मार्ग ऐन जहाजांच्या वाटेत संपला असेल तर तेवढी नोंद करा, पण ‘जहाजाने मारला’ असं लिहू नका. बॅटरीही संपते.

घरचा थर विसरू नका. मी रापणीवर एक वही ठेवली आहे: तारीख, तिथी, मतलई होता की नाही, पाणी कसं, काय लागलं. सुरुवातीला बाबा “उदक बदललां” एवढंच सांगत. मी विचारलं, बदललं म्हणजे? रंग, वास, की थंड? आता ते तिन्ही वेगळं सांगतात आणि मी तिन्ही वेगळ्या रकान्यांत लिहिते. त्यांचं ‘थंड’ आणि उपग्रहाचं तापमान बहुतेकदा जुळतं. जुळत नाही तेव्हा मी आधी माझी तारीख तपासते.

कुणाला दाखवायचं

ताजी जागा कुठेही टाकू नका. गेल्या मोसमात कुणीतरी व्हेल शार्कचा व्हिडिओ जागेसकट पाठवला आणि दुसऱ्या सकाळी तिथे पर्यटकांच्या बोटी गोळा झाल्या, पंखे चालू ठेवून. निदान महिनाभर जुनं झाल्यावरच दाखवा आणि जागा ढोबळ ठेवा. परवानगीने मिळालेला संच असेल तर संशोधकांना विचारल्याशिवाय नकाशाही देऊ नका.

जाळ्यात आलाच तर आधी जाळं कापा, फोटो मग. गुजरातेत मच्छीमारांना यासाठीच पाण्यात चालणारे कॅमेरे दिले होते, सोडतानाची नोंद त्यांनीच ठेवावी आणि भरपाई मिळावी म्हणून. तिथे एके काळी याच माशाला बॅरल म्हणत, शिकारीत पिंपं बांधत त्यावरून, आणि २००४ पासूनच्या मोहिमेनंतर तो ‘व्हाली’, म्हणजे लाडका, झाला. भारतात व्हेल शार्कला पहिला उपग्रह-टॅगही तिथेच लागला, २०११ साली. आमच्याकडे कॅमेरा म्हणजे माझा मोबाइल. आता तो रापणीच्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला असतो आणि पिशवीवर मार्करने लिहिलंय: डावी बाजू. माझा चुलतभाऊ दर वेळी विचारतो, माशाची डावी की आपली? माशाची. तोंड पुढे धरून.